चुन्याचे सात दिवस

"ओ बाई, उतरा खाली. कौलं फुटली तर नवी मिळतील. मान मोडली तर कुठून आणणार?"

शकूने खाली पाहिलं नाही. एक पाय ओल्या कौलांवर, दुसरा धुराड्याच्या निखळलेल्या विटेच्या खाचेत आणि हातात लोखंडी घमेलं, अशा अवस्थेत कोणाकडे पाहायचं म्हटलं तरी पाहता येत नाही.

"मान माझी आहे," ती वरूनच म्हणाली. "तुम्ही आपली वाट धरा."

"धरतो की. पण ते घमेलं धुराड्यावर पालथं घातलंत, तर धूर जायचा कुठून?"

श्रावण सरत आला होता. सकाळपासून पिरपिर चाललेली, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि खाली भट्टीच्या मागच्या खोलीत तिचे वडील त्याच पाण्याच्या ओलीत खोकत पडले होते. घमेलं उराशी धरून ती तशीच उभी राहिली. रडू अगदी ओठांशी आलं होतं, पण छपरावर चढून रडणं तिला काही बरं वाटेना.

खालचा माणूस विचारलं ना पुसलं, शिडी चढून वर आला. सावळा, काटक, पंचविशीचा असेल नसेल. नखांच्या कडांत चुना बसलेला. त्याने तिच्या हातातलं घमेलं काढून घेतलं, धुराड्याच्या माथ्यावरून बोट फिरवलं आणि एका जागी ते बोट चक्क आत गेलं.

"हे सिमेंट कोणी थापलं?"

"बाबांनी. लढाई संपली तेव्हा त्यांना कुठूनशी एक गोण मिळालेली."

"हौसेने थापलंय," तो म्हणाला. "खालचं सगळं काम चुन्याचं, आणि वर सिमेंटची टोपी. चुना तापला की जरा हलतो. सिमेंट हलायचं नाव घेत नाही. मग तडकतं. भेगेतून पाणी उतरतं ते विटांच्या पोटात... आणि निघतं कुठे, तर खालच्या भिंतीतून. खरं ना?"

शकूने मान हलवली. तीन वर्षं ती भिंत पुसत आली होती आणि तीन वर्षांत हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"मी भिवा. गवंडी. विठ्ठलवाडीला राहतो, निर्वासितांच्या छावणीतल्या बराकी नीट करायच्या कामावर आहे. दोर घ्यायला बाजारात आलेलो, वाट चुकलो." तो थांबला. तिच्या कपाळावर चिकटलेल्या ओल्या बटेकडे त्याने पाहिलं आणि लगेच धुराड्याकडे पाहिलं. "बरं झालं म्हणायचं."

कल्याणात, खाडीकडच्या आळीत, पंढरीची कुरमुऱ्यांची भट्टी सगळ्यांना माहीत होती. भाताच्या गिरण्यांतून तूस यायचा, त्या तुसावर मोठ्या कढईत वाळू तापायची आणि तांदूळ तडतडून फुलायचा. पंढरीच्या बापाने बांधलेलं धुराडं भट्टीच्या आणि मागच्या खोलीच्या मधल्या भिंतीत होतं. त्या भिंतीला टेकूनच पंढरीची खाट. आयुष्यभर त्याने भट्टीचा धूर गिळला होता आणि आता पंचावन्नाव्या वर्षी त्याची छाती भात्यासारखी वाजत होती. बायको केव्हाच गेलेली. एकवीस वर्षांची शकू एकटी भट्टी चालवत होती आणि तिच्या लग्नाचं कोणी बोललं तर ती कढईतली वाळू जोरजोरात ढवळायला लागायची.

डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. खोली कोरडी हवी आणि ऊब हवी. दोन्ही मिळालं तर हा पावसाळा निघेल, नाहीतर कठीण आहे. शेगडी ठेवून पाहिली, तर कोळशाच्या वासाने त्याला धाप लागली. शेजारच्या ठमाबाईंनी आपल्या घरी न्यायची तयारी दाखवली, तर तो खाटेची कड धरून बसला. त्यामुळे उरली ती एकच भिंत. भट्टी पेटली की तीच त्याला ऊब द्यायची आणि पाऊस आला की तीच त्याला भिजवायची.

दुसऱ्या दिवशी बराकींचं काम आटोपून भिवा आला तो चुन्याची गोण घेऊनच. अंगणात खड्डा करून त्याने चुना भिजत घातला. मग विटा कुटून त्यांची सुरखी केली, हिरडा उकळला आणि दारात उभा राहून म्हणाला, "गूळ आहे का घरात?"

"चहा हवाय का?"

"चुन्याला हवाय. गुळाचं पाणी पोटात गेलं, की घट्ट धरून ठेवतो."

"गोड खाऊन घट्ट होतो होय?"

"माणसंही होतात."

"तुम्ही नाही झालात ते," शकू म्हणाली आणि गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवला.

"मला कोणी दिला नाही अजून." त्याने त्या खड्याचा एक कण मोडून तोंडात टाकला. "हा पहिलाच."

ती आत वळली. तिचे कान तापले होते आणि तिला स्वतःचाच राग आला. आत बाप कण्हतोय आणि आपण गुळावरून काय बोलतोय... पण खोटं कशाला सांगायचं, त्या घरात कोणी गमतीने बोललं त्याला किती वर्षं झाली होती हे तिला आठवतही नव्हतं. खोकला, औषध, तूस, वाळू. एवढ्यात तिचा दिवस उगवायचा आणि मावळायचा.

अमावास्या झाली आणि उघडीप मिळाली. भट्टी आदल्या दिवशीच विझवली होती. भिवाने वर चढून सिमेंटची टोपी छिन्नीने उडवली, भेगा आतपर्यंत खरवडल्या, विटा पाण्याने न्हाऊ घातल्या आणि नवा माथा बांधला. पाणी बाहेरच्या बाहेर ओघळावं म्हणून चारी बाजूंना उतार दिला. थापी मारताना तो मान तिरकी करायचा, जिभेचं टोक दातांत धरायचा. शकू खाली शिडी धरून उभी होती. शिडी धरायची काही गरज नव्हती, ती भक्कम होती.

उतरल्यावर हात धुता धुता तो म्हणाला, "आता पुढचं तुमच्या हातात आहे. वर ओलं गोणपाट घातलंय. ऊन लागलं तर चुना भेगाळेल, म्हणून रोज पाणी मारावं लागेल. मी येऊन मारीन. आणि जाळ करायचा नाही."

"किती दिवस?"

तो हात धुतच राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"सात," तो म्हणाला.

"सात दिवस... बाबांना ऊब नको का?"

"माथा एकदा धरला की आयुष्याची काळजी गेली. सात दिवस कसेतरी काढा."

आत खाटेवरून पंढरीने ऐकलं.

मग ते दिवस सुरू झाले. भिवा रोज दुपार कलताना यायचा, विठ्ठलवाडीहून पायी. शकू बादली भरून ठेवायची. तो वर चढायचा, गोणपाट उचलून माथा पाहायचा, पाणी मारायचा. एवढ्या कामाला पाव घटका पुरायची, पण तो दिवे लागेपर्यंत रेंगाळायचा. दुसऱ्या दिवशी त्याने तिला आपल्या गावाचं सांगितलं, माणदेशातलं, जिथे पावसाळ्यात कोणाचंही घर गळत नाही कारण पाऊसच पडत नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्याला विचारलं, "घरी कोण आहे?" आणि तो म्हणाला, "आई. गावाला. तिला एकच काळजी, माझ्या भाकरीची."

"मग आणा की कोणी भाकरी करणारी."

"बघतोय," तो वरून म्हणाला. "वरून चांगलं दिसतं."

ती वर पाहत नव्हती, पण ऐकून हसली. बादलीतलं पाणी हिंदकळून तिच्या पायांवर सांडलं.

चौथ्या दिवशी गणेश चतुर्थी होती. आळीतून टाळ वाजत होते. सकाळपासून आभाळ पुन्हा भरून आलेलं, हवेत गारठा, आणि पंढरीची खोली विहिरीच्या तळासारखी दमट झाली होती. शकूने त्याच्या अंगावर दोन घोंगड्या घातल्या, तळपायांना सुंठ चोळली. तरी त्याचे दात वाजतच होते.

"शकू," तो म्हणाला, "आज चवथा दिस ना?"

"हो."

"मग पेटव. कोवळा जाळ कर, मूठभर तुसाचा. माझ्या बापानं ह्ये धुराडं बांधलं तवा मीच चुना मळलेला. चवथ्या दिसापास्नं कोवळा जाळ चालतो. उलट चुन्याला बराच असतो."

शकूच्या हातात सुंठेची वाटी होती. ती तिने खाली ठेवली.

"मिस्त्री सात म्हणालेत, बाबा."

"तो म्हनला. मी पन चुना पायलाय."

"त्यांचं रोजचं काम आहे ते. उगाच घाई केली आणि पुन्हा तडकलं तर? परत सगळं पहिल्यापासून..." ती भरभर बोलत होती आणि बोलताना खाटेकडे पाहत नव्हती. बाप चुकत नाही हे तिला कळत होतं. ह्या घरात चुन्यातलं आणि जाळातलं त्याच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. पण आज जाळ केला, की माथा धरला असं होईल. माथा धरला, की पाणी मारायला कोणी यायचं कारण उरणार नाही. तीन दिवस, फक्त तीन दिवस, तिने मनाशी म्हटलं, आणि तसं म्हणताना तिला शरम वाटली.

पंढरीने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अंगणातल्या भरून ठेवलेल्या बादलीकडे पाहिलं. अजून दुपारही झाली नव्हती.

"बरं," तो म्हणाला. "सात तर सात."

आणि घोंगडी नाकापर्यंत ओढून त्याने भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर त्याने जाळाचं नाव काढलं नाही. पाचव्या दिवशी भिवा आला, तेव्हा त्याने त्याला आत बोलावून घेतलं, गाव विचारलं, आईचं नाव विचारलं. "दारू पितोस?" असंही विचारलं. भिवा म्हणाला, "नाही मामा." पंढरी म्हणाला, "बरं." इतकंच. शकू दाराआड उभी होती. त्या क्षणी, देवाशप्पथ, ती सुखात होती.

सहाव्या दिवशी आळीत गौरी येत होत्या. बायका वाजतगाजत पाणवठ्यावरून येत होत्या. पाऊस बारीक पडत होता, म्हणजे खरं तर पाणी मारायची गरजच नव्हती. तरी भिवा आला. तरी शकूने बादली भरली. त्याने शिडीवर चार पायऱ्या चढून मागे पाहिलं आणि विचारलं, "पावसात पाणी मारणारा गवंडी पाहिलाय कधी?"

"नाही."

"पाहून घ्या. सगळ्या मुलखात एकच आहे."

शकू हसली. पदर तोंडाशी धरून, खांदे हलेपर्यंत हसली. असं हसायला येतं हे ती विसरूनच गेली होती. शिडीला धरून ती हसत राहिली आणि तो शिडीवर बसून तिच्याकडे पाहत राहिला. गौरींचा घोळका दारावरून पुढे गेला.

मग तिच्या ध्यानात आलं की आतून खोकल्याचा आवाज येत नाहीये. बराच वेळ आलेला नाही.

ती आत गेली तेव्हा पंढरी भिंतीकडे तोंड करूनच होता. एक हात घोंगडीबाहेर आलेला, तळवा भिंतीला टेकलेला. जणू ती तापलीय का ते पाहत होता. भिंत गार होती. हातही.

भिवाने खांदा दिला. स्मशानातून परतल्यावर तो अंगणात उभा राहिला, शकूशी एक शब्द न बोलता निघून गेला आणि मग आलाच नाही. वर माथ्यावर गोणपाट तसंच राहिलं. डॉक्टर म्हणाले, तसंही दिवाळी काही त्यांनी पाहिली नसती. ठमाबाई म्हणाल्या, सुटले बिचारे. शकूने दोघांचंही ऐकून घेतलं. त्या तीन दिवसांबद्दल तिने दोघांनाही सांगितलं नव्हतं.

सुतकात भट्टी पेटत नाही. तेरावा झाला, पाहुणे पांगले आणि चौदाव्या दिवशी सकाळीच पाऊस असा कोसळला की आळीत घोटाभर पाणी झालं. त्या पावसात दाराशी भिवा उभा होता. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली.

"पहिला जाळ करताना गवंडी समोर लागतो," तो म्हणाला. "नाहीतर आलो नसतो."

शकूने त्याला आत घेतलं. तो आधी वर जाऊन गोणपाट काढून आला. मग तिने मूठभर तूस पेटवला. धूर सरळ वर गेला, एक वळसाही खाली आला नाही. दोघं मागच्या खोलीत गेली. खाट आता तिथे नव्हती. बाहेर पाऊस कौलांवर नुसता बदडत होता आणि भिंत वरपासून खालपर्यंत खडखडीत कोरडी होती. हळूहळू ती कोमट झाली. शकूने तिच्यावर हात ठेवला. अशी भिंत तिच्या बापाला एक दिवस मिळाली नाही.

भिवा उंबऱ्यातच थांबला होता.

"शकू," तो म्हणाला. आजवर तो तिला अहोजाहो करायचा. "मला एक सांगायचंय. सांगितलं की मी जाईन. चार दिवस पुरले असते. चार दिवसांनी कोवळा जाळ चालला असता, मला ठाऊक होतं. मी सात सांगितले."

शकूने भिंतीवरचा हात काढून घेतला.

"दुसरं काही कारण नव्हतं. काम संपलं असतं, मग कुठल्या तोंडाने रोज आलो असतो? तू शिडीपाशी उभी असायचीस... ते पाहायला मी आणखी तीन दिवस मागून घेतले. मामा गारठतायत हे मला दिसत होतं. तरी मी काही बोललो नाही." "मी तुझ्या वडलांना मारलं, शकू. मला तू आवडतेस, म्हणून मारलं."

शकू भिंतीला पाठ टेकून खाली बसली.

"चौथ्या दिवशी बाबांनी मला सांगितलेलं," ती म्हणाली. "पेटव म्हणाले. चवथ्या दिवसापासून चालतं म्हणाले."

भिवाने मान वर केली. "मग... पेटवलं का नाहीस?"

"तू आला नसतास."

तो तिच्याकडे पाहत राहिला. तीही पाहत होती, डोळे न वळवता, कारण आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

"बाबांना कळलं होतं," ती म्हणाली. "माझ्याकडे पाहिलं, मग बादलीकडे पाहिलं. सात तर सात, म्हणाले. पुन्हा मागितला नाही जाळ. एकदासुद्धा नाही. गारठत पडून राहिले आणि दुसऱ्या दिवशी तुला बोलावून तुझ्या आईचं नाव विचारलं."

भिवा उंबऱ्यावर बसला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो मोठ्याने रडू लागला. बाप्या माणसाला असं रडताना शकूने कधी पाहिलं नव्हतं. तिला त्याच्याजवळ जावंसं वाटलं, त्याच्या ओल्या केसांवरून हात फिरवावासा वाटला, आणि तेवढ्याच जोराने त्याला पावसात बाहेर घालवून द्यावंसंही वाटलं. दोन्ही खरं होतं. तो गेला, तर ती आयुष्यभर एकटी हे ओझं वाहणार होती. राहिला, तर रोज त्याच्या तोंडाकडे पाहून ते तिला आठवणार होतं. तिने खूप विचार केला असं नाही. बापाने दोन रात्री, दोन दिवस दात वाजवत जे दिलं, ते दारातून परत पाठवायची तिची छाती झाली नाही.

"भिवा," ती म्हणाली. "लग्नाचं विचारणार असशील तर विचार. मी नाही म्हणणार नाही. पण ह्या खोलीत मी कधी हसले नाही, तर का म्हणून विचारायचं नाहीस."

त्याने तोंडावरचे हात काढले. "नाही विचारणार."

"आणि बाबा कसे गेले असं कोणी विचारलं, तर छातीने गेले असं सांगायचं. तूही, मीही."

"बरं."

"आपल्याला ठाऊक आहे तेवढं पुरे."

पलीकडे भट्टीतला तूस विझत आला होता. शकू उठली, आणखी एक मूठ घालून आली. भिवा अजून उंबऱ्यातच बसला होता, आत यावं की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं. तिने भिंतीशी आपल्या शेजारची जमीन पदराने पुसली.

"ये," ती म्हणाली. "भिजलायस. इथे ऊब आहे."